पेडण्याचे पान: एका तालुका पानाच्या ऱ्हासाचे प्रकरण

गोव्यातून निघणाऱ्या एका मराठी दैनिकात पेडणे तालुक्याला रोजचे स्वतंत्र पान होते. आज त्याच दैनिकात पेडण्याच्या वाट्याला ‘उत्तर गोवा’ नावाच्या पानावरचे दीड-दोन कॉलम येतात, तेही बार्देश, डिचोली आणि सत्तरीच्या बातम्या लावून जागा उरली तर. दैनिक बंद पडलेले नाही. रोज वेळेवर निघते, कागद पूर्वीपेक्षा पांढरा आहे, छपाई रंगीत आहे. वर्तमानपत्र बंद पडते तेव्हा निदान चार लोक हळहळतात, इतर दैनिकांत दोन अग्रलेख येतात. चालू वर्तमानपत्रातून एक अख्खा तालुका निघून जातो तेव्हा त्यावर कुणी ओळही लिहीत नाही. म्हणून हे प्रकरण नीट मांडावेसे वाटले.

मी त्या पानाच्या डेस्कवर काम केले आहे, आणि पान गेल्यानंतर तालुक्यात फिरून जुने वार्ताहर, वितरक आणि वाचक यांच्याशी बोललो आहे. दैनिकाचे, गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही. यातले बरेच जण अजून याच व्यवसायावर पोट भरतात.

मालक तेव्हाही होतेच

गोव्यातली वर्तमानपत्रे मालकाच्या हितापासून कधीच मोकळी नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर जुन्या दिवसांचे खोटे गुणगान होईल. मुक्तीनंतर १९६२ मध्ये ‘गोमन्तक’ निघाले ते चौगुले समूहाचे. बा. द. सातोस्कर त्याचे पहिले संपादक. १९६३ मध्ये ‘नवहिंद टाइम्स’ आणि १९७० मध्ये ‘नवप्रभा’ धेंपो घराण्याने काढले. १९८७ मध्ये ‘सुनापरान्त’ हे कोकणी दैनिक साळगावकरांनी सुरू केले. तिन्ही घराणी खाणव्यवसायातली. खाणींचा विषय आला की या दैनिकांचा हात आखडतो, हा आक्षेप गोव्यात फार जुना आहे आणि तो निराधार होता असे मला वाटत नाही. राजकीय बाजूही उघड घेतली जाई. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ‘गोमन्तक’ महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूने उभे होते, तर मडगावचे ‘राष्ट्रमत’ त्याच्या ठाम विरोधात, आणि दोन्ही मराठीतच भांडत होते.

तरी त्या मालकांची एक गोष्ट वेगळी होती. ते गोव्यात राहत होते. त्यांचे देवस्थान इथले, महाजनकी, म्हणजे देवस्थानातला वंशपरंपरेचा हक्क, इथली, लग्नकार्ये इथली. पेडण्यातला एखादा निवृत्त मास्तर वर्तमानपत्रात आपल्या गावाची बातमी का आली नाही हे विचारायला थेट पणजीला संपादकाच्या खोलीत जाऊन बसू शकत होता, आणि संपादक त्याला चहा पाजून उत्तर देत होता. मालकाच्या हिताचे कुंपण होते खरे, पण कुंपणाच्या आतली जमीन कसली जात होती. आज कुंपण तसेच आहे आणि आत पड आहे.

पुढे बाहेरचे समूह आले. बेळगावचे ‘तरुण भारत’, कोल्हापूरचे ‘पुढारी’, ‘लोकमत’ यांनी गोव्यात आवृत्त्या काढल्या. ‘गोमन्तक’ चौगुल्यांकडून ‘सकाळ’ समूहाकडे गेले. २००८ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची गोवा आवृत्ती सुरू झाली. बाहेरची मालकी आली आणि लगेच सगळे बिघडले असे मात्र झाले नाही. उलट स्पर्धेमुळे काही वर्षे तालुक्यांचे फावले. प्रत्येकाला पेडण्यात, काणकोणात, सांगेत आपला माणूस हवा होता. मी ज्या दैनिकाविषयी लिहितो आहे त्याची मालकीही गोव्याबाहेरची, आणि त्याचे पेडण्याचे पान या स्पर्धेच्या काळातच सर्वांत भरलेले होते. पाहायचे आहे ते हे, की तेच पान त्याच मालकीखाली पुढे रिकामे कसे झाले.

पान कसे भरत होते

पेडण्याच्या बाजारात, बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर, भाड्याची एक खोली होती. एक टेबल, फॅक्स यंत्र, दोन खुर्च्या आणि भिंतीलगत वर्षवार बांधलेल्या फायली. तालुका प्रतिनिधी पगारी होता. त्याच्या हाताखाली मांद्रे, हरमल, कोरगाव आणि तुये-पार्से या भागांत मानधनावरचे वार्ताहर होते. त्यांतला एक प्राथमिक शिक्षक, एक रेशन दुकानदार, एक भजनी मंडळात पेटी वाजवणारा. मानधन इतके तुटपुंजे की त्यात पेट्रोलही सुटत नसे. पण गावात ‘पेपरवाले’ म्हणून मान होता, आणि त्या मानामुळे माणूस बातमी नीट तपासून पाठवत होता. चुकीची छापून आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात चहा पिताना लोक समोर उभे राहून विचारत.

ईमेलच्या आधी बातम्या पाकिटातून येत. संध्याकाळच्या कदंब, म्हणजे सरकारी, बसच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचे, पणजीच्या बसस्थानकावर आमचा शिपाई ते उतरवून घ्यायचा. पाकिटात हाताने लिहिलेले ताव, कधी फोटोचा रोल, कधी कुणाच्या बाराव्याच्या जाहिरातीचे पैसे रबराने बांधलेले. ताव सोडवताना कळायचे की रेशन दुकानदाराने हिशेबाच्या वहीचे पान फाडून त्यावर तिळारीच्या कालव्याला भगदाड पडल्याची बातमी लिहिली आहे, कोणत्या वाड्यावर, कुणाच्या शेतात पाणी शिरले, किती वाजता. कालव्यावरचा अभियंता त्याला दुपारी भेटला नाही हेही लिहिलेले असे. ती बातमी दोन कॉलमात लागायची आणि दुसऱ्या दिवशी खात्याची जीप गावात यायची. पणजीत साहेबाच्या टेबलावर कात्रण गेलेले असायचे, एवढेच त्याचे कारण.

पानावर काय असे? रविवारच्या ग्रामसभा. शिक्षक नसलेली सरकारी मराठी शाळा. काजूचा दर. हरमलच्या मिरचीचे पीक. देवस्थानच्या महाजनांची तंटेबखेडी. पेडण्याची पुनव. जत्रेला, काल्याला गावच्या हौशी मंडळाने केलेले नाटक आणि त्यात कुणी कोणती भूमिका केली त्याची नावे. आणि निधनवार्ता, न चुकता. पणजीतल्या काही मंडळींना हे सारे किरकोळ वाटायचे. मला ते कधीच तसे वाटले नाही. ज्याचे नाव नाटकातल्या शिपायाच्या भूमिकेसाठी छापून आले, तोच माणूस त्याच पानावर ग्रामसभेची बातमी वाचत होता. पहिल्यासाठी तो अंक घ्यायचा आणि दुसऱ्यामुळे जागा व्हायचा.

पाच-सहा निर्णय

पान एका दिवसात गेले नाही. पाच-सहा निर्णय झाले आणि त्यांतला प्रत्येक निर्णय कागदावर बिनतोड होता.

कायम नोकऱ्या कंत्राटी झाल्या. वर्तमानपत्रांतल्या कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्राने नोव्हेंबर २०११ मध्ये लागू केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांवर शिक्कामोर्तब केले. आमच्याकडे त्याचा अनुभव असा, की कायम माणूस निवृत्त झाला की त्या जागी कायम माणूस घेणे बंद झाले. तालुका प्रतिनिधीला कराराचा कागद मिळाला. कराराचे नूतनीकरण कुणाच्या हाती आहे हे ज्याला माहीत असते, त्याची लेखणी आपोआप जपून चालते. त्याला कुणी काही सांगावे लागत नाही.

मग पान लावण्याचे काम पणजीतून उठले आणि गोव्याबाहेरच्या मध्यवर्ती केंद्रात गेले. तिथली मुले कामसू होती, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. एकेक जण रात्रीतून अनेक आवृत्त्यांची पाने लावत होता. पण गोवा त्यांनी पाहिलेला नव्हता. कोरगावचे कोरेगाव होऊ लागले, कारण त्यांच्या ओळखीचे गाव ते. गोव्यात केरी तीन, एक पेडण्यात तेरेखोलच्या मुखाशी, एक सत्तरीत, एक फोंड्यात. सत्तरीतल्या केरीचा फोटो पेडण्यातल्या केरीच्या बातमीला लागला. एरवी असली चूक पणजीच्या डेस्कवर शेजारच्या टेबलावरूनच कुणीतरी पकडली असती. वाचकाने फोन केला तर उचलायला तिथे कुणी नव्हते, आणि पणजीत जे होते त्यांच्या हातात पान नव्हते.

केंद्राला अनेक आवृत्त्या सांभाळायच्या म्हणून पान सोडण्याची वेळ अलीकडे आली. संध्याकाळनंतरची घटना दुसऱ्या दिवशीच्या अंकातून बाद झाली. जत्रेचे नाटक तर रात्रीचेच.

२०२० मध्ये टाळेबंदी आली. अंक घरी टाकायलाच लोक नको म्हणत होते. त्याच वर्षी ‘गोमन्तक टाइम्स’चा छापील अंक थांबला. त्याआधी २०१५ मध्ये ‘सुनापरान्त’ बंद झाले होते. आमच्या पेडण्याच्या खोलीचे भाडे थांबवले गेले. टाळेबंदी उठली, खोली परत आली नाही. भिंतीलगतच्या फायली रद्दीत गेल्या. गावात पायवाटेचा, विहिरीचा, देवळाच्या जागेचा वाद निघाला की लोक त्या फायली चाळायला येत. आता त्यासाठी पणजीला कृष्णदास शामा ग्रंथालयात जावे लागते, आणि अमुक साली अमुक छापून आले होते हे आठवणारा माणूसही सोबत न्यावा लागतो.

जाहिरातीचे ओझे

या साऱ्यात सर्वांत घातक निर्णय कोणता, असे मला विचारले तर मी वार्ताहराला दिलेले जाहिरातीचे उद्दिष्ट सांगेन.

पूर्वी जाहिरातीसाठी वेगळा माणूस होता. वार्ताहराकडे कुणी श्रद्धांजलीची जाहिरात आणून दिली तर तो पुढे पाठवी, कमिशन मिळे, एवढेच. मग पुरवण्या सुरू झाल्या. आमदाराचा वाढदिवस, पंचायतीचा वर्धापनदिन, चतुर्थीच्या शुभेच्छा, नववर्ष. प्रत्येक पुरवणीमागे तालुक्याला आकडा ठरवून आला. तो गोळा करायचा कुणी? वार्ताहराने. कुणाकडून? सरपंच, पंच, कंत्राटदार, हॉटेलवाले, जमिनीचे व्यवहार करणारे, म्हणजे ज्यांच्याविषयी त्याने बातम्या लिहायच्या त्यांच्याकडूनच. हरमलच्या बाजूचा एक वार्ताहर मला म्हणाला, “भाई, सकाळी ज्याच्या दारात शुभेच्छांची जाहिरात मागायला उभा राहतो, त्याच्याच बेकायदा बांधकामाची बातमी संध्याकाळी कशी लिहू? आणि लिहिली तर पुढच्या चतुर्थीला आकडा कुठून भरू?” त्याने पुढे वार्ताहरकी सोडली. तालुक्यातला सर्वांत चांगला बातमीदार होता तो.

याला नुसती मालकाची हाव म्हणून भागणार नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, आणि त्यात मराठी, कोकणी, इंग्रजी मिळून इतकी दैनिके. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि खाणपट्ट्यातला पैसा आटला तशी त्यावरची जाहिरातही आटली. छपाईच्या आयात कागदावर २०१९ मध्ये १० टक्के सीमाशुल्क बसले, पुढल्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर कागद पुन्हा भडकला. अंकाची किंमत छपाईचा खर्चही भरून काढत नाही. हे सारे खरे आहे. पण तंगी आल्यावर कुठे कात्री लावायची हा मालकाचा निर्णय असतो, आणि गोव्यात राहणाऱ्या, पेडण्यात ज्याला कुणी ओळखते अशा माणसाने तो घेतला असता तर कात्री आधी दुसरीकडे लागली असती, असे मला ठामपणे वाटते. दूरच्या कार्यालयात पेडण्याचे पान म्हणजे तक्त्यातली एक ओळ होती. खर्च एवढा, जाहिरात एवढी.

सड्याची जमीन

याचा परिणाम एका गावात कसा झाला ते आता सांगतो.

११ डिसेंबर २०२२ रोजी पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या आधीपासूनच पेडण्यातल्या जमिनींवर बाहेरच्यांचे डोळे लागले होते, नंतर तर भाव गगनाला भिडले. या गावाच्या डोक्यावर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, आहे. पावसाळ्यात तिथे गुरे चरतात, फुले येतात, आणि सड्यात मुरलेले पाणी खालच्या झरीवाटे बागायतीला मिळते. सड्याचा एक तुकडा वस्तीसाठी मोकळा करण्याचा प्रस्ताव आला. नगरनियोजन कायद्यात २०२४ मध्ये घातलेल्या ३९अ कलमाखाली असा बदल करण्याआधी लोकांच्या सूचना-हरकती मागवाव्या लागतात. मुदत ३० दिवस. सूचनेत गावाचे नाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, जमीन-वापराचा आत्ताचा विभाग (झोन) आणि मागितलेला विभाग, इतकेच. कुठला डोंगर, खाली कुणाची झर, हे त्यात नसते.

आमचा जुना तालुका प्रतिनिधी दर गुरुवारी निघणारे राजपत्र चाळत असे. त्याला सर्व्हे क्रमांक पाठ होते, निदान कुठला क्रमांक कुठल्या वाड्याकडे येतो याचा अंदाज होता. शंका आली तर तो मोटारसायकल काढून तलाठ्याकडे जायचा. मग पाच ओळींची बातमी यायची, ‘अमुक वाड्यावरील सड्याच्या जमिनीच्या रूपांतराचा प्रस्ताव, हरकतींसाठी अमुक तारखेपर्यंत मुदत’. पाच ओळी पुरत. हॉटेलात अंक फिरायचा, संध्याकाळपर्यंत गावाला कळायचे, रविवारी ग्रामसभेत ठराव यायचा.

या वेळी ते काम करायला कुणी नव्हते. मुदत गेली. सड्यावर जेसीबी चढला तेव्हा गावाला कळले. पंचायतीसमोर लोक जमले, त्यांतल्या एका वयस्क बागायतदाराने मला विचारले, “पेपरार इलाच ना, मगे आमका कसा कळतला?”

त्या ३० दिवसांत आमच्या दैनिकात पेडण्याविषयी काय छापून आले हे मी अंक काढून पाहिले. वाढदिवसाची पुरवणी होती. मोपावरून नवी विमानसेवा सुरू झाल्याचे पत्रक होते, जसेच्या तसे. महामार्गावरचे अपघात होते. एका मोठ्या गृहप्रकल्पाची पानभर जाहिरात होती. एका नेत्याने दुसऱ्यावर केलेला आरोप आणि दुसऱ्याने दिलेले उत्तर होते. सड्याविषयी एक अक्षर नव्हते. कुणीतरी बातमी दाबली असा गावात संशय आहे. मी चौकशी केली आहे, तसे काही झालेले नाही. बातमी लिहिलीच गेली नव्हती, त्यामुळे दाबायची वेळच आली नाही. दाबलेली बातमी निदान कुणाला तरी माहीत असते. तो माणूस दुसऱ्या दैनिकाकडे जातो, आंदोलकांना सांगतो. न लिहिलेल्या बातमीला असा कुणी वाली नसतो.

याच तालुक्यात २०२३ मध्ये उलटा अनुभव आला होता. संपूर्ण पेडण्यासाठी कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या विभागीय आराखड्याचा (झोनिंग प्लॅनचा) मसुदा जाहीर झाला, लोक खवळले, गावोगावी सभा झाल्या, सत्ताधारी आमदारांनाही लोकांबरोबर उभे राहावे लागले आणि सरकारने मसुदा मागे घेतला. तेव्हा सगळ्या दैनिकांनी पहिल्या पानावर बातम्या दिल्या. मोठी बातमी कुठूनही दिसते, तिला तालुका प्रतिनिधी लागत नाही. एकेका सर्व्हे क्रमांकाची बातमी मात्र तिथे राहणाऱ्या माणसालाच दिसते, आणि आता जमिनी बदलतात त्या अशाच, एकेका सर्व्हे क्रमांकाने.

वाचक आधी गेला की पान?

व्यवस्थापनाचे म्हणणे असे, की वाचक मोबाइलवर गेला म्हणून खप घटला आणि खप घटला म्हणून पान गेले. मांद्र्याच्या बाजूला वर्षानुवर्षे अंक टाकणाऱ्या वितरकाने मला त्याची वही दाखवली. त्यात क्रम वेगळा दिसतो. टाळेबंदीत अंक थांबले होते, पण नंतर बरीच घरे परतली होती. गळती लागली ती पान ‘उत्तर गोव्यात’ विलीन झाल्यावर. लोक त्याला सांगत, “आमच्या गावचे काहीच नसते, मग कशाला?” एका वितरकाच्या वहीवरून मी साऱ्या राज्याचा निष्कर्ष काढत नाही. पण व्यवस्थापनानेही आपला निष्कर्ष कुठल्या वहीवरून काढला ते कुणाला दाखवलेले नाही.

पेडण्यात आज बातम्या मिळतात, नाही असे नाही. व्हॉट्सअॅपचे गट आहेत, मोबाइलवर चित्रीकरण करणारे तरुण आहेत, वेबवाहिन्या आहेत. जेसीबीचा पहिला व्हिडिओ त्यांनीच टाकला, आणि त्यामुळेच लोक पंचायतीसमोर जमले. त्यांच्या धडाडीचे मला कौतुक वाटते. पण राजपत्र वाचत बसायला त्यांना कुणी पगार देत नाही. मानहानीची नोटीस आली की त्यांच्यामागे वकील उभा नसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी व्हिडिओ काढून टाकावा लागतो. आणि तेही जाहिरातीसाठी त्याच हॉटेलवाल्याच्या, त्याच पंचाच्या दारात जातात.

गावकऱ्यांनी सड्याच्या प्रकरणी वकील गाठला आहे. गावातल्या दोन शिक्षिका आता गुरुवारचे राजपत्र संगणकावर उघडून पेडण्यातले सर्व्हे क्रमांक वेगळे काढतात आणि शेजारच्या पंचायतींना कळवतात. जुना तालुका प्रतिनिधी त्यांना क्रमांकांवरून जागा ओळखायला मदत करतो. तो स्वतः सध्या एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे.

पान परत उभे करायला काय लागेल, हे मी आणि त्याने एकदा बसून मांडले. पेडण्यात राहणारा एक पगारी माणूस, जाहिरातीच्या उद्दिष्टापासून पूर्ण मोकळा. त्याच्या पेट्रोलचा खर्च. चार भागांतल्या वार्ताहरांना वेळेवर मानधन. पणजीत रात्री अकरापर्यंत बसणारा, तिन्ही केरी ओळखणारा एक उपसंपादक, ज्याच्या हातात पान शेवटपर्यंत राहील. आणि जाहिरात गोळा करायला वेगळा माणूस, कमिशनवर. खोली नसली तरी चालेल. हा कागद आम्ही दैनिकाच्या गोवा कार्यालयात दिला आहे, आणि त्याची एक प्रत पेडण्यातल्या दोन सहकारी पतसंस्थांकडेही. तालुक्याने स्वतःचे साप्ताहिक काढायचे ठरवले तर हिशेब तयार असावा.